डोगा पडद्यावर केव्हा येणार?
गुन्हेगारी चित्रकथा आणि तिचा चित्रपट

वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, सहकार, पाटबंधारे, नवे काव्य असे विषय श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे येतात. तेव्हा आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असतील. कुत्र्याचा मुखवटा घालून मुंबईतल्या गुंडांना गोळ्या घालणारा एक चित्रकथेतला नायक आणि त्याच्यावरचा, जाहीर होऊनही कधी न आलेला चित्रपट; यात माढ्यासारख्या गावाने बसून ऐकावे असे काय आहे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे की, माणसे ज्या नायकाची वाट पाहतात त्यावरून त्यांच्या मनात काय खदखदते आहे ते कळते. हे उत्तर मान्य करायचे की नाही, हे श्रोत्यांनी शेवटी ठरवावे. प्रथम विषयाची ओळख करून घेऊ.

चित्रकथा आपल्याकडे कशी आली

चित्रांतून गोष्ट सांगण्याची रीत आपल्याला नवी नाही. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी आपल्याकडे फार जुनी आहे. पण चौकटीमागून चौकट, प्रत्येक चौकटीत बोलणाऱ्याच्या तोंडातून निघालेला फुगा आणि त्यात संवाद, ही रचना मात्र वृत्तपत्रांच्या युगाने घडवली आणि ती मुख्यतः अमेरिकेतून आली. तिच्यात गुन्हेगारीचा विषयही फार लवकर शिरला. चेस्टर गूल्ड या चित्रकाराचा डिक ट्रेसी हा पोलीस गुप्तहेर 1931 साली अमेरिकन वृत्तपत्रात अवतरला, तेव्हा तिकडे दारूबंदी आणि टोळीयुद्धे यांचा सुकाळ होता. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जे खून वाचायचे त्यांचाच बंदोबस्त आतल्या पानावरच्या चित्रांत झालेला पाहायचा, असा हा प्रकार होता. 1939 मध्ये बॅटमॅन आला, तोही गुन्हेगारांचा पाठलाग करणाराच.

आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनगृहाने 1964 साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि थोड्याच काळात ते मराठीतही निघू लागले. वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक ही नावे ज्यांना सांगावी लागत नाहीत असे श्रोते या मंडपात पुष्कळ असतील. 1976 साली याच मालेत आबिद सुरती यांनी निर्मिलेला बहादूर हा भारतीय नायक आला. तो दरोडेखोरांशी लढत असे. त्याची लढाई गावकऱ्यांचे संरक्षक दल उभारून, पोलिसांच्या बरोबरीने चालत असे. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

मराठीत याच्या आधीपासून गुन्हेगारीचे एक मोठे साम्राज्य शब्दांत उभे होते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांच्या पुस्तकांसाठी गावोगावच्या वाचनालयांत नंबर लागत. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी ती गादी पुढे चालवली. पण या सगळ्या पुस्तकांत चित्र असायचे ते मुखपृष्ठावर. पिस्तूल रोखलेला नायक आणि घाबरलेली तरुणी एवढे दाखवून चित्रकार रजा घेई. आतला सारा अंधार वाचकाने आपल्या मनात रंगवायचा. प्रौढ वळणाची, काळीकुट्ट गुन्हेगारी चित्रकथा मराठीने स्वतः फारशी घडवली नाही. ती आपल्याकडे हिंदीतून आली.

डोगा कोण?

दिल्लीच्या राजा पॉकेट बुक्सने 1986 च्या सुमारास राज कॉमिक्स ही माला सुरू केली. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव हे तिचे गाजलेले नायक. हिंदी पुस्तकांची ही गाडी मराठी मुलखात शिरायला लोहमार्ग मोकळा होताच. आपल्या तालुक्यातली कुर्डुवाडी 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाल्यापासून जंक्शन आहे. अशा जंक्शनांवर गाडीची वाट पाहणारा मुलगा आणि पुस्तकांचा ठेला ही जोडी जमायला वेळ लागत नाही.

याच मालेत 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘कर्फ्यू’ या नावाच्या अंकातून डोगा आला. संजय गुप्ता, तरुणकुमार वाही आणि चित्रकार मनू ही त्याची जनक मंडळी. संचारबंदी हा शब्द त्या वर्षांत मुंबईकरांच्या तोंडी रोज होता; आणि 1930 साली लष्करी कायदा अनुभवलेल्या सोलापूरलाही तो परका नाही.

डोगाची जन्मकथा थोडक्यात अशी. चंबळच्या खोऱ्यातल्या हलकानसिंह नावाच्या दरोडेखोराला कचऱ्याच्या ढिगात एक तान्हे मूल सापडते. तो त्याला वाढवतो, पण मायेने नव्हे. कुत्र्यासारखे वागवून वाढवतो. त्या मुलाला जवळची वाटतात ती कुत्रीच. मोठा होऊन तो मुंबईत येतो. तेथे व्यायामशाळा चालवणारे अदरक चाचा त्याला तयार करतात. त्यांच्या भावांची नावे धनिया, हल्दी आणि काली मिर्च अशी आहेत. एवढ्या काळोख्या कथेत लेखकांनी ही मसाल्याची फोडणी मुद्दाम दिली असावी. दिवसा तो सूरज असतो. रात्री कुत्र्याचा मुखवटा चढवून, बंदुका घेऊन, शहराच्या गटारांतून वाट काढीत तो गुन्हेगारांपर्यंत पोहोचतो. गावातली मोकाट कुत्री हे त्याचे सैन्य.

नागराज आणि ध्रुव यांच्यापेक्षा डोगा वेगळा कशात? त्याला आकाशात उडता येत नाही, त्याच्या अंगात विष नाही. कुत्र्यांशी असलेले सख्य सोडले तर त्याच्यापाशी चमत्कार असा नाही. त्याचे शत्रूही दुसऱ्या ग्रहावरून आलेले नसतात. दंगली भडकावणारे पुढारी, खंडणीखोर, लाचखाऊ अधिकारी, मुले पळवणाऱ्या टोळ्या, असे ते असतात. आणि सर्वांत महत्त्वाचा फरक हा की तो गुन्हेगाराला पकडून पोलिसांच्या हवाली करीत नाही. प्रश्न सोडवत बसण्यापेक्षा तो मुळासकट उपटून टाकावा, असा त्याचा बाणा आहे. बहादूर गावकऱ्यांना जमवून कायद्याच्या बाजूने उभा राहिला. पंधरा-सोळा वर्षांत आलेला डोगा एकटा आहे, रात्रीचा आहे आणि कायद्याच्या बाहेर आहे. या अंतरात देशाच्या मनाचा कितीतरी इतिहास साठलेला आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठातले इतिहासकार ज्ञान प्रकाश यांनी मुंबईवर ‘मुंबई फेबल्स’ हा ग्रंथ 2010 साली प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या डोगाची दखल एका प्रकरणात घेतली आहे. मुंबईच्या गिरण्या, तिची बांधकामे, तिचे खटले यांच्या रांगेत एका स्वस्त चित्रकथेला एका गंभीर इतिहासकाराने बसवले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

जाहीर झालेला आणि न आलेला चित्रपट

डोगावर चित्रपट निघणार ही वार्ता 2000 नंतरच्या दशकाच्या अखेरीस आली. दिग्दर्शक अनुराग कश्यप आणि नायक कुणाल कपूर ही नावे त्या वेळी पुढे आली. वाचकांना निवड पसंत पडण्याचे कारण उघड होते. 1993 च्या बाँबस्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ हा चित्रपट कश्यप यांनी केला होता. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावर आधारलेला हा चित्रपट 2004 साली तयार होता, परंतु स्फोटांचा खटला चालू असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने त्याचे प्रदर्शन रोखले आणि तो लोकांपुढे यायला 2007 साल उजाडले. मुंबईचा अंधार ज्याला ठाऊक आहे असा दिग्दर्शक डोगाला लाभला, असे वाचकांना वाटले तर नवल नाही.

परंतु डोगा आला नाही. वर्षे गेली, वाचकांनी स्वतःच भित्तिपत्रके रंगवली, कोणता नट शोभेल यावर वाद घातले, आणि वार्ता थंडावली. कश्यप आणि ज्ञान प्रकाश यांची गाठ पडली ती ‘बॉम्बे व्हेल्वेट’च्या निमित्ताने. जुन्या मुंबईवरचा तो खर्चिक चित्रपट 2015 साली आला आणि तिकीटबारीवर कोसळला. मुखवटेवाल्याची गोष्ट विक्रमादित्य मोटवाने यांनी 2018 च्या ‘भावेश जोशी सुपरहीरो’मध्ये सांगितली. मुंबईतला पाणीचोरीचा गुन्हा आणि त्यामागे लागलेला एक सामान्य तरुण, असे त्याचे कथानक. त्याच्या लेखनात कश्यप यांचाही हात होता. डोगाची वाट पाहणाऱ्यांना त्यात डोगाची सावली दिसली असेल. पण सावली ती सावलीच.

एका चित्रपटाचे बेत का फिसकटले, याची खासगी कारणे उकरण्यात स्वारस्य नाही. पण अशा चित्रपटापुढच्या अडचणी कोणत्या, हे समजून घेण्यासारखे आहे. पहिली, नायकाचा चेहरा मुखवट्याखाली. आपल्या चित्रसृष्टीत पैसा गोळा होतो तो नटाच्या चेहऱ्यावर, आणि तोच झाकायचा. दुसरी, पट्ट्यावरचा शेकडो कुत्र्यांचा कळप चित्रकार शाईच्या चार फटकाऱ्यांत उभा करतो. पडद्यावर त्याला लाखो रुपये लागतात. तिसरी अडचण सर्वांत विचित्र. हे अंक वाचले दहा-बारा वर्षांच्या मुलांनी. पण ते जसेच्या तसे पडद्यावर आणले तर परिनिरीक्षण मंडळ त्याला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र देण्याचाच संभव अधिक. 2023 च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्या केल्या आहेत खऱ्या, तरी त्यातली कोणती पायरी डोगाला मिळेल हे सांगणे अवघड आहे. ज्यांनी तो मुलगा असताना वाचला ते आज चाळिशीत आहेत. त्यांना अडचण नाही. त्यांच्या मुलांना मात्र दाराशीच अडवले जाईल.

कागदावरचा खून आणि पडद्यावरचा खून

आता प्रश्न असा की, जी हिंसा कागदावर दहा वर्षांचा मुलगा सहज पचवतो तीच पडद्यावर मोठ्या माणसालाही का सोसत नाही? याचे उत्तर चित्रकथेच्या रचनेत आहे.

चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये एक पांढरी पट्टी असते. पहिल्या चौकटीत कुऱ्हाड उगारलेली दिसते. दुसऱ्या चौकटीत रात्रीचे शहर दिसते आणि एक किंकाळी लिहिलेली असते. घाव कुठे पडला? त्या पांढऱ्या पट्टीत. म्हणजे वाचकाच्या मनात. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने 1993 साली चित्रकथेच्या शास्त्रावर एक चित्रकथाच लिहिली, तीत त्याने हे मर्म उत्तम उलगडले आहे. खून चित्रकाराने केलेला नसतो, तो वाचकाने केलेला असतो. आणि जो जेवढे सोसू शकेल तेवढाच तो करतो. शिवाय वेळेची दोरी वाचकाच्या हाती असते. नको ते पान तो झटकन उलटतो, हवे त्या चौकटीवर तो पाच मिनिटे रेंगाळतो.

चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात आणि दोरी दिग्दर्शकाच्या हाती असते. मधली पांढरी पट्टी नाहीशी होते. शाईचे रक्त जाऊन माणसाच्या अंगावरचे रक्त येते आणि त्यात आवाजाची भर पडते. म्हणून चित्रकथेचा चित्रपट करणाऱ्यापुढचा खरा प्रश्न हा असतो की ती हरवलेली पट्टी पडद्यावर कशी आणावी.

याचे उत्कृष्ट उदाहरण आपल्या शेजारच्याच तालुक्याने दिले आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा, 2016 सालचा, शेवट आठवावा. खून होतो, पण तो आपण पाहत नाही. आवाज थांबतो. तान्हे मूल येते, पाहते, आणि रडत परत निघते. त्याच्या पावलांचे लाल ठसे मागे उमटत राहतात. चित्रपटगृहातून माणसे न बोलता बाहेर पडत असत. ‘सैराट’ काही चित्रकथेवरून केलेला नाही. पण चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीचे काम पडद्यावर कसे करावे, याचा धडा ज्याला हवा असेल त्याने फार दूर जाऊ नये.

रूपांतराच्या तीन वाटा

पाश्चात्य देशांत गुन्हेगारी चित्रकथांवर अनेक चित्रपट निघाले. त्यांच्याकडे पाहिले की तीन वाटा दिसतात.

पहिली वाट अनुकरणाची. फ्रँक मिलर यांची ‘सिन सिटी’ ही चित्रमाला 1991 पासून निघू लागली. काळा आणि पांढरा, एवढे दोनच रंग मानणारी ती कथा. 2005 साली रॉबर्ट रॉड्रिग्ज यांनी तिचा चित्रपट केला तेव्हा चौकटी जवळजवळ जशाच्या तशा उचलल्या. पडद्यावर सारे काळेपांढरे आणि मधूनच एखादा लाल झगा. मिलर यांचे नाव सहदिग्दर्शक म्हणून लागावे यासाठी रॉड्रिग्ज यांनी दिग्दर्शकांच्या संघटनेचा राजीनामा दिला. यापूर्वी 1990 मध्ये वॉरन बीटी यांनी डिक ट्रेसीवर चित्रपट करताना सारे शहर वृत्तपत्री चित्रांच्या मोजक्या भडक रंगांतच रंगवले होते. या वाटेने जाणाऱ्याला वाचकांचा आशीर्वाद लवकर मिळतो. पण डोळे दिपले तरी मन हलतेच असे नाही.

दुसरी वाट रूपांतराची. ‘रोड टु पर्डिशन’ ही 1998 ची चित्रकथा टोळीतल्या एका मारेकऱ्याची आणि त्याच्या मुलाची. सॅम मेंडिस यांनी 2002 साली तिचा चित्रपट केला, तेव्हा गोळीबार कमी केले आणि बापलेकांमधले अंतर वाढवले. पावसातला एक गोळीबार जवळजवळ निःशब्द आहे. ही चित्रकथाही मुळात एका जपानी चित्रकथेवरून सुचलेली होती. म्हणजे जपानची कल्पना अमेरिकन कागदावर आणि तेथून पडद्यावर, असा तिचा प्रवास.

तिसरी वाट केवळ बीज घेण्याची. ‘अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स’ ही 1997 ची चित्रकथा. डेव्हिड क्रोनेनबर्ग यांनी 2005 च्या चित्रपटात तिच्यातला मूळ प्रसंग तेवढा घेतला आणि पुढची वाट स्वतःची काढली. हिंसेने घर वाचवणारा माणूस त्याच घरात परत आल्यावर जेवणाच्या टेबलावर कसा बसतो, एवढाच त्याचा प्रश्न.

फास्टर फेणेचा धडा

मराठीतले जवळचे उदाहरण पाहायचे तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेकडे वळावे लागेल. तो चित्रकथेतला नायक नाही, पुस्तकातला; आणि त्याच्या कथा काळ्याकुट्ट नसून खेळकर. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या शाळेत शिकणारा, सायकल दामटणारा, संकटात जीभ टाळ्याला लावून ‘ट्टॉक्’ करणारा. दूरदर्शनवर त्याची मालिका झाली तेव्हा सुमीत राघवन हा बालनट फेणे झाला होता. आदित्य सरपोतदार यांनी 2017 साली त्याच्यावर चित्रपट केला. वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या वाचकांपुढे जो आला तो शाळकरी मुलगा नव्हता. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण होता. अमेय वाघ यांनी ती भूमिका केली. त्याच्यासमोर परीक्षेच्या बाजारातले खरे, रक्ताळलेले गुन्हे होते आणि गिरीश कुलकर्णी यांनी उभा केलेला अप्पा हा खलपुरुष होता.

काही वाचक यावर नाराज झाले. आपला फेणे लहानच हवा होता, असे त्यांचे म्हणणे. परंतु लेखकाने मुलगा वाढवला याला कारण होते. वाचक वाढले होते, पुणेही वाढले होते आणि पुण्यातले गुन्हेही वाढले होते. एक गोष्ट मात्र चित्रपटाने बदलली नाही. फेणे पुरावा शोधतो. तो चौकस आहे, तो प्रश्न विचारतो, आणि मग गुन्हेगाराला उघडे पाडतो. चेहरा बदलला, वय बदलले, धंदा तोच राहिला. रूपांतरात काय बदलावे आणि काय बदलू नये, याची ही कसोटी आहे.

ही कसोटी डोगाला लावली तर काय दिसते? त्याचे शहर बदलता येईल, त्याच्या बंदुका कमी करता येतील. पण त्याचा धंदा पुराव्याशिवाय शिक्षा देण्याचा. तो काढला तर डोगा उरत नाही. आणि तो ठेवला तर? येथेच या विषयाचे मर्म आहे.

कायद्याची भीती आणि तिची मर्यादा

अशा कथांनी मुले बिघडतात, ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेत फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने 1954 साली यावर ग्रंथ लिहून खळबळ उडवली. त्याच वर्षी तेथील सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर एक नियमावली लादून घेतली. प्रत्येक कथेत सज्जनांचाच जय व्हावा, पोलीस आणि न्यायाधीश यांचा अनादर दिसू नये, आणि मुखपृष्ठावर ‘गुन्हा’ हा शब्द इतर शब्दांपेक्षा मोठ्या अक्षरांत छापू नये, असा तिचा कटाक्ष. आपल्या संसदेनेही 1956 साली तरुणांना घातक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. मुख्यतः चित्रांतून गुन्हे, हिंसा, क्रौर्य यांच्या कथा सांगणारी आणि वीस वर्षांखालील वाचकाला बिघडवू शकणारी प्रकाशने त्याच्या कक्षेत येतात. हा कायदा झाला तरी डोगा निघाला आणि खपला.

अक्षर लहान केल्याने गुन्हा लहान होत नाही. बंदीने प्रश्न सुटत नाही, कारण मुलाला चित्रकथा बिघडवते की चित्रकथेत त्याने रोज पाहिलेलेच त्याला दिसते, हे ठरवणे कठीण आहे. ज्या घरात जमिनीचा दावा आजोबांनी दाखल केला आणि नातू तारखेला जातो, त्या घरातल्या मुलाला एका रात्रीत निकाल लावणारा नायक का आवडतो, हे समजण्यास मानसशास्त्र लागत नाही. आपल्याकडे ही ओढ पुस्तकांहूनही जुनी आहे. इंग्रजांनी ज्याला दरोडेखोर ठरवून 1832 साली फाशी दिले त्या उमाजी नाईकाला लोकांनी पोवाड्यांत राजा केले. सरकारी न्यायावरचा विश्वास उडाला की लोक आपला न्यायाधीश रानात शोधतात. डोगाने रानाऐवजी गटार निवडले, एवढाच फरक.

चित्रातला दोषी आणि जिवंत माणूस

परंतु चित्रकथेत एक सोय असते. तिथला खलपुरुष चित्रकाराने खलपुरुष म्हणूनच काढलेला असतो. त्याचे डोळे, त्याचे दात, त्याचे हसू पाहिले की वाचकाला शंका उरत नाही. डोगाची गोळी चुकून निरपराध्याला लागेल, अशी धास्ती वाचकाला कधी वाटत नाही, कारण लेखकाने आधीच साऱ्यांचे न्यायनिवाडे करून ठेवलेले असतात. प्रत्यक्ष जगात ही सोय नाही.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी काय घडले ते आठवावे. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षेकरी म्हणून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने धरले आणि ठार केले. ते कोणाचे मूल पळवायला आले नव्हते. त्यांतले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. मारणाऱ्यांपैकी प्रत्येकाला त्या क्षणी आपण मुलांचे रक्षण करतो आहोत असेच वाटले असले पाहिजे. मुले पळवणाऱ्या टोळ्या हे डोगाचेही शत्रू आहेत. म्हणजे त्या दुपारी त्या गावात शेकडो डोगा होते. पण कथा लिहिणारा आणि आधी न्याय करून ठेवणारा कोणी नव्हता.

म्हणून डोगाचा चित्रपट येऊ नये, असे मुळीच म्हणायचे नाही. तो यावा. कागदापेक्षा पडदा या कामी अधिक उपयोगी आहे, कारण पडद्यावर नटाचा जिवंत चेहरा असतो, आणि जिवंत चेहरा पाहिला की मनात शंका येतेच. समोर गुडघे टेकलेला माणूस खरोखर दोषी आहे काय? नसेल तर? ज्या दिग्दर्शकाला डोगाच्या हातातली बंदूक तशीच ठेवूनही प्रेक्षकाच्या मनात ही शंका जागवता येईल, त्याने डोगाला न्याय दिला असे म्हणता येईल. नुसत्या चौकटी उचलल्या तर शिट्ट्या मिळतील. बीज तेवढे घेतले तर वाचक रुसतील. मधली वाट अवघड आहे. पण आजवरच्या चांगल्या रूपांतरांनी तीच धरली आहे, हे वर आपण पाहिले.

तोवर वाट पाहणाऱ्यांनी काय करावे? वाट पाहण्यातही एक लाभ आहे. न आलेला चित्रपट प्रत्येक वाचकाने मनात एकदा काढलेला असतो, आणि त्यात दोष नसतो. आलेला चित्रपट त्याच्याशी तोलला जातो आणि बहुधा हरतो. फेणेच्या बाबतीत काहींना हा अनुभव आला. पण मनातल्या चित्रपटावर एकट्यालाच टाळ्या वाजवता येतात. चित्रपटगृहात शेजारी दुसरा माणूस बसलेला असतो आणि बाहेर पडल्यावर त्याच्याशी वाद घालता येतो. माढ्यातल्या दोन मित्रांनी डोगा पाहून परत येताना, ‘त्याने त्याला मारायला नको होते’ आणि ‘मारले ते बरेच केले’ यावर रस्ताभर भांडावे, आणि त्या भांडणात राईनपाड्याचे नाव एकदा तरी निघावे. तसे झाले तर त्या चित्रपटाने आपले काम केले, असे मी समजेन.